मायनस मायनस प्लस हे सगळ्यात शेवटी सांगा

सातवीच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, "मायनस मायनस?" तो डोळे न उघडता "प्लस" म्हणेल. आता त्यालाच −३ − ५ करायला द्या. बऱ्याचदा उत्तर येतं ८, कारण त्याला दोन मायनस दिसले, त्याने प्लस केलं, विषय संपला. मग पालक म्हणतात, अहो याला नियम तर पाठ आहे, तरी चुकतंय कसं? तर नियम पाठ आहे म्हणूनच चुकतंय. हा नियम खोटा नाही, पण आपण तो फार लवकर सांगतो आणि अर्धाच सांगतो, म्हणजे तो गुणाकार-भागाकाराचा आहे हे शेपूट गळून पडतं आणि पोरगं दिसेल त्या दोन मायनसांवर तो लावत सुटतं.

म्हणून ज्यांना ऋण (म्हणजे मायनसच्या) संख्यांच्या गुणाकार-भागाकाराचा हा धडा शिकवायचाय (शाळेत, क्लासमध्ये, किंवा घरी जेवणानंतर ओट्याशेजारी बसून), त्यांच्यासाठी मी कसं शिकवतो ते लिहितोय. मुद्दा एकच धरून ठेवायचा, नियम मुलांच्या तोंडून निघेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही.

आधी सहावीचं तपासा

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सहावीत होते आणि गुणाकार-भागाकार सातवीत. मध्ये एक सुट्टी जाते आणि सुट्टीत काय काय धुवून जातं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी गुणाकाराचं नावही न काढता फक्त चार गणितं द्या: ३ − ५, −३ + ५, −३ − ५ आणि −३ − (−५). उत्तरं अनुक्रमे −२, २, −८, २. पहिली दोन बहुतेकांना जमतात. तिसरं आणि चौथं ज्यांचं चुकतं त्यांना संख्यारेषेवर परत आणा, एक तास गेला तरी चालेल, कारण या पायावर गुणाकार ठेवला तर तो कलणारच. आणि वाचून घ्यायची सवय लावा, "उणे तीन वजा पाच" असं मोठ्याने. सगळ्यालाच मायनस म्हटलं की कुठला मायनस संख्येचा आणि कुठला क्रियेचा हे कानाला कळत नाही. सेमी इंग्रजीची मुलं निगेटिव्ह म्हणतील, चालेल, पण वजाबाकीला वेगळा शब्द आणि संख्येच्या चिन्हाला वेगळा शब्द एवढं सांभाळा.

३ × (−४) पासून सुरुवात

हा भाग पटकन होतो. गुणाकार म्हणजे तीच संख्या परत परत मिळवणं हे पोरांना दुसरीपासून माहीत आहे, तर ३ वेळा −४ म्हणजे (−४) + (−४) + (−४), म्हणजे −१२. संख्यारेषेवर शून्यापासून डावीकडे चार-चारच्या तीन उड्या मारून दाखवा. कंसाचा आग्रह इथूनच धरा, कंस गाळला की ३ × −४ चं दोन दिवसांत ३ − ४ होतं, वहीत स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं पोरं चुकीचं वाचतात. याच वेळी १ × (−४) आणि ० × (−४) सुद्धा करून घ्या, वाटेल काय फालतू विचारताय, पण पुढे ते शून्यच कामाला येणार आहे.

मग (−४) × ३. इथे एखादा हुशार विचारेल की उणे चार वेळा तीन कसे मिळवायचे? बरोबर विचारतोय, नाहीच मिळवता येत. इथे सांगायचं की बाबा, ४ × ३ आणि ३ × ४ सारखेच असतात ना, ते ऋण संख्यांनाही लागू राहावं अशी आपली इच्छा आहे, म्हणून (−४) × ३ हे ३ × (−४) इतकंच. कुणाला एवढ्याने पटलं नाही तर तीनचा पाढा उलटा उतरवा, २ × ३ = ६, १ × ३ = ३, ० × ३ = ०, मग (−१) × ३ किती? दर पायरीला ३ कमी होतायत, म्हणजे −३. झालं.

आता खरी जागा

फळ्यावर या ओळी एकाखाली एक, बरोबरची चिन्हं एका रेषेत येतील अशा लिहा. हे बारीकसं वाटेल, पण तिरकं-तारकं लिहिलं तर पॅटर्न दिसत नाही आणि सगळा डाव फसतो.

३ × (−४) = −१२
२ × (−४) = −८
१ × (−४) = −४
० × (−४) = ०

आणि विचारा, "खाली जाताना उत्तराचं काय होतंय?"

वर्ग एका सुरात म्हणतो, "कमी होतंय!" इथे थांबा. अजिबात पुढे जाऊ नका. मुलांना बारा, आठ, चार, शून्य दिसतंय, मायनस दिसतच नाहीये. −१२ वरून −८ वर जाणं म्हणजे वाढणं आहे हे डोक्यात बसलेलं नसेल तर पुढचं सगळं हवेत. एका मुलाला संख्यारेषेवर −१२ वर बोट ठेवायला लावा, मग −८ वर न्यायला लावा, बोट कुठल्या बाजूला गेलं? उजवीकडे. किती घरं? चार. मग −४, मग शून्य, दर वेळी उजवीकडे चार. आता तोच मुलगा स्वतःहून म्हणेल, "सर, चारने वाढतंय." डावीकडच्या रकान्यात ३, २, १, ० असं एकेकाने कमी होतंय आणि उजवीकडे चारने वाढतंय, हे दोन्ही कुणाकडून तरी वदवून घ्या, मग पाचवी ओळ लिहा:

(−१) × (−४) =

आणि गप्प बसा. खरंच गप्प बसा, खडू खाली ठेवा. काही जण "−४" म्हणतील, सवयीने. त्यांना एवढंच विचारा की शून्यावरून −४ वर गेलास तर वाढलं का कमी झालं? मग कुणीतरी मागच्या बाकावरून "प्लस चार" म्हणतं, आणि त्यानंतर (−२) × (−४) = ८, (−३) × (−४) = १२ हे धडाधड येतं. थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणतेच, "म्हणजे दोन्ही मायनस असले की प्लस येतं." आता बोला. पण त्या वाक्याला एक शब्द जोडून बोला: "गुणाकारात." आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात तो शब्दही लिहा.

शंकेखोर मूल असलं तर

दर वर्गात एखादं असतंच. "सर, पॅटर्न पुढे तसाच चालेल कशावरून?" याला गप्प बसवू नका, हा प्रश्न सोन्यासारखा आहे. पॅटर्न खरंच फसवतात. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जोडायचा, तर २ बिंदूंना आत २ भाग होतात, ३ बिंदूंना ४, ४ बिंदूंना ८, ५ बिंदूंना १६, मग ६ बिंदूंना सगळे ३२ म्हणतात आणि जास्तीत जास्त होतात ३१. काढून बघायला लावा, मजा येते.

तर त्या मुलाला कारण द्यायचं. आधी ७ × १३ तोंडी करायला सांगा. तो ७ × १० = ७० आणि ७ × ३ = २१ करून ९१ म्हणेल. यालाच पुस्तकात वितरण गुणधर्म म्हणतात, आणि तो पोरं रोज वापरतात. आता तोच इथे लावा:

(−३) × ० = ०
(−३) × [४ + (−४)] = ०
(−३) × ४ + (−३) × (−४) = ०
−१२ + (−३) × (−४) = ०

−१२ मध्ये काय मिळवलं की शून्य होतं? १२. दुसरं काही चालतच नाही. म्हणजे (−३) × (−४) ला १२ च व्हावं लागतं, नाहीतर आपण ७ × १३ जसं केलं ती पद्धतच मोडते. सगळ्या वर्गाला हे झेपेल असं नाही आणि झेपायलाच हवं असंही नाही, पण चार ओळी फळ्यावर एकदा होऊन जाऊ द्या, दोघा-तिघांच्या डोक्यात दिवा लागतो तेवढं पुरे.

आणि मुलांना हे अवघड जातं म्हणून वैतागू नका हो. भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन-ऋणाच्या गुणाकाराचे हेच नियम लिहून ठेवले होते, तरी इंग्लंडात १७५८ साली फ्रान्सिस मासेरेस नावाचा गणिती ऋण संख्यांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहीत होता. आपल्या भास्कराचार्यांची तर गंमतच आहे (हे तेच, ज्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला आणि ज्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला सापडला). त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात एक कोडं आहे, माकडांच्या कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून ३ वजा करा, जे येईल त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक माकड फांदीवर दिसतंय, तर एकूण किती? ५० हे एक उत्तर. पाचवा हिस्सा १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १, बरोबर ५०. पण ५ घालून बघा. पाचवा हिस्सा १, वजा ३ म्हणजे −२, आणि (−२) × (−२) = ४, अधिक १ म्हणजे ५. जमतंय! भास्कराचार्यांनाही हे दिसलं होतं, पण उणे दोन माकडं ही कल्पना लोकांना पटत नाही म्हणून ते उत्तर घ्यायचं नाही असं त्यांनी सांगितलं. नियम माहीत असणं वेगळं आणि तो पचणं वेगळं. हे कोडं वर्गात जरूर द्या, उत्तर मात्र लगेच सांगू नका.

गोष्ट हवीच असेल तर

उधारीची गोष्ट सगळे सांगतात, तीन दुकानदारांचे प्रत्येकी चारशे देणं म्हणजे −१२००. इथपर्यंत ठीक. पण दोन्ही ऋण आले की त्या गोष्टीला "तीन उधाऱ्या काढून घेतल्या" असं काहीतरी वळण द्यावं लागतं आणि पोरं गणित सोडून दुकानदाराचा विचार करायला लागतात. मला गच्चीवरची पाण्याची टाकी बरी वाटते. टाकी गळतेय, दर मिनिटाला ५ लिटर जातंय, म्हणजे −५. आत्ताची वेळ शून्य, पुढची मिनिटं धन, मागची मिनिटं ऋण. ३ मिनिटांनी काय होईल? ३ × (−५), आत्तापेक्षा १५ लिटर कमी. आणि ३ मिनिटांपूर्वी काय होतं? (−३) × (−५), आत्तापेक्षा १५ लिटर जास्त, कारण तेव्हा गळून गेलेलं नव्हतं. हे शहरातल्या पोरालाही कळतं आणि खेड्यातल्यालाही. टाकी लक्षात ठेवा, भागाकारात परत लागेल.

भागाकार: इथे अवघड जागा बदलते

बरेच जण म्हणतात, भागाकाराला नवीन काही नाही, चिन्हांचे नियम तेच, पुढे चला. नियम तेच आहेत हे खरं, पण कुठलं गणित समजायला अवघड ते पूर्ण फिरतं, आणि हे शिकवणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

(−२०) ÷ ४ सोपं, −२० चे चार सारखे वाटे करा, प्रत्येकात −५. (−२०) ÷ (−४) तर त्याहून सोपं! −२० मध्ये −४ किती वेळा बसतात? −४, −८, −१२, −१६, −२०, पाच वेळा. उत्तर ५, धन, कुणाला नियम सांगावा लागत नाही. गुणाकारात दोन ऋण सगळ्यात अवघड होते, भागाकारात तेच सगळ्यात स्वाभाविक निघतात.

अडतं ते २० ÷ (−४) ला. उणे चार वाटे होत नाहीत, आणि २० मध्ये −४ किती वेळा बसतात विचारलं तर बसतच नाहीत, जितके घ्याल तितके लांब जाता. इथे एकच रस्ता, भागाकाराला गुणाकाराचा प्रश्न बनवायचा: (−४) ला कितीने गुणलं की २० येतील? गुणाकाराचा पाया पक्का असेल तर −५ लगेच येतं. टाकीत विचारा, दर मिनिटाला ४ लिटर गळतंय, तर आत्तापेक्षा २० लिटर जास्त पाणी कधी होतं? पाच मिनिटांपूर्वी. −५. म्हणून मी पहिल्यापासून सगळे भागाकार असेच करून घेतो, "भाजकाला कितीने गुणू?" आणि उत्तर आलं की परत गुणून ताळा करायचा, न चुकता. ताळा करणाऱ्या मुलाचं चिन्ह सहसा चुकत नाही.

शून्याचंही याच प्रश्नाने मिटतं. ० ÷ (−५): −५ ला कितीने गुणलं की ० येतं? शून्याने. (−५) ÷ ०: शून्याला कितीने गुणलं की −५ येतं? कितीनेच नाही, म्हणून तो भागाकार करता येत नाही. ० ÷ ० विचारलं तर कुठलीही संख्या चालते, म्हणून एक ठरावीक उत्तर नाही. ब्रह्मगुप्ताने याचं उत्तर शून्य लिहिलं होतं आणि ते आज आपण मानत नाही, हे सांगितलं की पोरांना फार बरं वाटतं.

पूर्ण भाग जात नसेल तर अपूर्णांकात लिहायचं, (−७) ÷ २ म्हणजे उणे सात छेद दोन. ७ ÷ (−२) सुद्धा तेवढंच, फक्त छेदातला मायनस वर घेऊन लिहायची पद्धत आहे. पूर्णांकांचा गुणाकार नेहमी पूर्णांकच येतो, भागाकार येईलच असं नाही, हे एका ओळीत सांगून टाका. (ज्यांची मुलं कोडिंगच्या क्लासला जातात त्यांनी तयार राहावं, −७ ला २ ने भागून उत्तर पूर्णांकातच मागितलं की पायथॉन ही कोडिंगची भाषा −४ म्हणते आणि सी ही भाषा −३. मूल घरी येऊन भांडणार.)

दोनपेक्षा जास्त संख्या

(−१) × (−२) × (−३) × (−४) सारखं गणित आलं की जोड्या लावायच्या, दोन मायनसांची एक जोडी सुटते. मायनस सम असतील तर उत्तर धन, विषम असतील तर ऋण, आणि इथे चार आहेत म्हणून २४. हेही मुलांनाच शोधू द्या, दोन, तीन, चार, पाच मायनस घेऊन. पुढे घातांक आले की याचाच फायदा होतो: (−२) चा चौथा घात १६, पण कंस नसेल तर चौथा घात फक्त २ चा आणि मायनस बाहेर, म्हणजे −१६. परीक्षेत इथे मार्क जातात, कारण पोरं कंसाला शोभेची वस्तू समजतात.

सराव कसा द्यायचा

वीस गुणाकार एकाखाली एक देऊ नका. पहिली तीन झाली की पोरगं विचार करणं बंद करतं, फक्त मायनस मोजतं. त्याऐवजी आकडे तेच ठेवा आणि बाकी सगळं बदला. माझा आवडता संच ६ आणि २ चा आहे:

−६ − २
(−६) × (−२)
−६ + (−२)
(−६) ÷ (−२)
−६ − (−२)
६ × (−२)
−६ + २
६ ÷ (−२)

उत्तरं −८, १२, −८, ३, −४, −१२, −४, −३. आकडे सगळीकडे तेच, त्यामुळे क्रिया कुठली आहे हे बघितल्याशिवाय गत्यंतर नसतं. सोडवण्याआधी प्रत्येक गणितात क्रियेच्या चिन्हाभोवती पेन्सिलने गोल करायला लावा, हा साधा उपाय भल्याभल्यांना सुधारतो. दोन दिवसांनी −५ + (−३) × (−४) टाका. जो ३२ म्हणेल त्याने आधी बेरीज केली, त्याला कंचेभागुबेवची (गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीच्या आधी) आठवण करून द्या, उत्तर ७ आहे.

वही तपासताना नुसती फुली मारू नका. −८ च्या जागी ८ लिहिलं असेल तर ती चिन्हाची चूक, १२ च्या जागी ८ लिहिलं असेल तर त्याने गुणायच्या ऐवजी मिळवलंय. दोघांना वेगवेगळं शिकवावं लागतं.

आणि पत्ते आणा

शाळेत पत्ते म्हणजे मुख्याध्यापकांची परवानगी आधी काढा. गुलाम, राणी, राजा बाजूला, एक्का म्हणजे १. काळे पत्ते धन, लाल पत्ते ऋण. दोघांनी दोन-दोन पत्ते उचलायचे, गुणाकार मोठ्याने म्हणायचा, ज्याचा मोठा त्याने चारही पत्ते घ्यायचे. पहिल्या पाच मिनिटांतच भांडण होतं, एकाचे −१८ आणि दुसऱ्याचे −६, कोण जिंकलं? ज्याला १८ मोठे वाटतात तो पत्ते ओढायला जातो आणि बाकीचे त्याला संख्यारेषा दाखवतात. तुम्ही मध्ये पडू नका. दोन लाल दहा आले की मात्र वर्गात जो ओरडा होतो तो शेजारच्या वर्गात ऐकू जातो.

हे अंगवळणी पडलं की खेळ उलटा करा, प्रत्येकाला पाच पत्ते द्या आणि फळ्यावर −२४ लिहा. ज्याच्याकडे लाल ३ आणि काळा ८ आहे, किंवा काळा ४ आणि लाल ६, त्याने जोडी टाकायची. हा भागाकारच आहे, फक्त भागाकार म्हणून सांगितलेला नाही. शेवटी एक अट वाढवा, गुणाकार २४ हवा पण बेरीज −११. थोडी शांतता पसरते, मग कुणीतरी दोन लाल पत्ते टाकतं, ३ आणि ८. आठवीत वर्ग त्रिपदीचे (x² − ११x + २४ सारख्या राशीचे) अवयव पाडताना हेच करायचं असतं.